रिपोर्टवरचा तो लाल गोल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, माझा रिपोर्ट तुम्ही लाल पेनाने खुणा करून परत पाठवलात. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १७२, त्याभोवती दोनदा गोल आणि शेजारी तुमच्या तिरक्या अक्षरात, 'मग ऑपरेशन कशाला केलं?' वजन उतरवायला केलेल्या त्या ऑपरेशनबद्दल फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. तुमचा आवाज चढला की मला आजही शब्द सुचत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगून टाकते. कोलेस्टेरॉलची गोळी मी सोमवारपासून सुरू केली आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही 'थांब' म्हणाला असतात, आणि मी थांबले असते. आता थांबायचं नव्हतं.

ज्या आकड्यांना तुम्ही गोल केला नाहीत तेही बघा ना. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २८० होती, आता १२५ आहेत. चांगलं म्हणतात ते एचडीएल ३६ वरून ४८ वर गेलं. साखर ताळ्यावर आली. यकृतावरची चरबी उतरली, इन्सुलिन नीट लागू पडायला लागलं, की यकृत रक्तात चरबी सोडणंच कमी करतं. हे सगळं ऑपरेशनमुळे झालं, बाबा. एलडीएलचं मात्र तसं नाही. तेही रक्तातून उचलून घेतं यकृतच, पण किती झपाट्याने उचलायचं हे पुष्कळसं जन्माबरोबर ठरून येतं. माझं वजन ३१ किलो उतरलं, पण जन्माबरोबर आलेलं कसं उतरणार?

मग बायपास का नाही केलीस, असं तुम्ही म्हणालात. (आई, ही हृदयाची बायपास नव्हे गं. त्या दिवशी तू उगीच घाबरलीस. ही आतड्याची, वजनासाठीच करतात ती.) बरोबर आहे, बायपासनंतर एलडीएल जास्त उतरतं. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८३८ जणांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९० साली आले होते. त्यातल्या निम्म्या लोकांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग वळवला होता, वजनासाठी नव्हे, निव्वळ कोलेस्टेरॉलसाठी. पाच वर्षांनी त्यांचं एलडीएल बाकीच्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे आतड्याची वाट बदलली की फरक पडतो. माझ्या स्लीव्हच्या ऑपरेशनमध्ये फक्त जठर लहान करतात, आतड्याला हात लावत नाहीत. हे मला आधीपासून माहीत होतं. पण माझं रक्त कायम कमी, आणि बायपासनंतर लोह अंगी लागणं आणखी अवघड होतं. शिवाय माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या. बायपासच्या जोडावर त्यांनी अल्सर होऊ शकतो. जे एका गोळीने आटोक्यात येतं, त्याच्यासाठी ते सगळं ओढवून घ्यायचं नाही असं मी ठरवलं, आणि मला ते आजही पटतं.

एक गोष्ट लपवली होती. तिसऱ्या महिन्याचा रिपोर्ट तुम्हाला दाखवलाच नाही. तेव्हा एचडीएल ३१ पर्यंत खाली गेलं होतं आणि एलडीएल १८१. मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं की अंगातल्या चरबीत कोलेस्टेरॉलही साठलेलं असतं, चरबी भराभर वितळली की ते बाहेर पडतं, आणि वजन स्थिरावेपर्यंत आकडे असे हलतात. पित्तातही तेच उतरतं, म्हणून पित्ताशयात खडे होऊ नयेत यासाठी सहा महिने गोळी घेतली. ती आता संपली. ऑपरेशनचंही तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळवलं. आई, तू अजून त्यावर काही बोलली नाहीस, हेच मला जास्त लागतं.

माझी काळजी करू नका. वाटीभर जेवण मला अर्धा तास पुरतं, सावकाश चावून खाते. जेवताना पाणी पीत नाही, नंतर अर्ध्या तासाने पिते. बी-१२, लोह, कॅल्शियम वेळच्या वेळी घेते. रात्री उताणी झोपले तरी घोरत नाही म्हणे. पहिल्या आठवड्यात एवढ्याशा पेल्यातून घड्याळ लावून पाणी प्यायचे, तेव्हा बाबा, तुमचा आवाज कानात यायचा. मला टायफॉइड झाला होता तेव्हा चमचा हातात धरून तुम्ही म्हणायचात ना, 'एक घोट. आता थांब. आता आणखी एक.' तसंच म्हणत मी तो अख्खा आठवडा काढला.

आता जरा अवघड बोलते. डॉक्टरांनी घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा मी नानांच्या झटक्याचं सांगितलं, आत्याचंही. ते म्हणाले, हे घराण्यातून आलेलं असावं. यात दोष कुणाचाच नाही, बाबा. तुमचं नाक माझ्याकडे आलं, गणित आलं, तसंच हेही. पण तुमच्या टेबलाच्या खणात गोळ्यांची अर्धी अर्धी पाकिटं पडलेली असतात, हे मला ठाऊक आहे. (आईला रागावू नका, मीच तिला उघडायला लावलं.) 'रिपोर्ट नॉर्मल आला, मग कशाला घ्यायची?' असं तुम्ही म्हणता. बाबा, गोळी चालू होती म्हणून तो नॉर्मल आला होता.

तेव्हा या आठवड्यात दोघांनी रिकाम्या पोटी रक्त द्यायचं. आई, तूही, 'मला काय झालंय' म्हणायचं नाही. रक्त देईपर्यंत चहा नाही, पाणी चालेल. डॉक्टरांना नानांचं वय सांगायचं, झटका आला तेव्हाचं. मागे गोळीने पाय दुखायचे असं म्हणाला होतात, तेही सांगायचं, गोळी बदलून देता येते. मनाने बंद करायची नाही. रिपोर्टचा फोटो आईने पाठवायचा, तुम्ही नाही, तुम्ही एखादं पान गाळाल.

रविवारी सकाळी येते. माझ्यासाठी वेगळं काही करत बसू नकोस, आई. तुमच्याच पानातलं थोडं खाईन.

तुमची,
धाकटी