पाडव्याच्या रांगोळीला रात्रभर रस्ता मिळावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची छायाचित्रे आपण दरवर्षी छापता. फेटे, लेझीम, ढोलपथके. या सगळ्यांच्या पायांखाली जी रांगोळी असते, तिच्याविषयी हे पत्र. मी चित्रकला शिकवते आणि गेली अकरा वर्षे पाडव्याच्या आदल्या रात्री रस्त्यावर रांगोळी काढते.

काम रात्री अकराला सुरू होते. आधी खराट्याने रस्ता झाडायचा. मग एकाने मधोमध दोरीचे टोक अंगठ्याखाली दाबून धरायचे आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला खडू बांधून फिरायचे, की पंधरा फुटी वर्तुळ निघते. चाळणीने रंग पसरायचा आणि शेवटी पांढरी रेघ, पाचही बोटांतून रांगोळी सोडत, कंबरेत वाकून, मागे मागे सरकत. गोपद्म, सर्परेषा, शंख. डांबरावर पांढरे काय उठून दिसते! सिमेंटच्या रस्त्यावर तेच फिके पडते, तिथे खाली गडद रंग जास्त लागतो.

यंदा साडेचारला शेवटचा शंख पुरा झाला. पाचच्या सुमारास दोन मोटारसायकली आडवा लावलेला बांबू सारून थेट रांगोळीवरून गेल्या. आमच्याबरोबर सातवीतली एक मुलगी होती. तिने काढलेल्या कासवाच्या पाठीवर टायरची नक्षी उमटली होती. ती थोडा वेळ बघत राहिली, मग खडू घेऊन शेजारीच दुसरे कासव काढायला बसली. रांगोळी पुसली जाते याचे मला दुःख नाही. पालखी तिच्यावरूनच जायची असते. पण पालखी यायच्या आत ती मोडावी, हे सहन होत नाही.

माझ्या आईच्या सारवलेल्या अंगणात चैत्रभर चैत्रांगण असायचे : गुढी, तोरण, झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, कासव, गाईची पावले. मी रांगोळीची चिमूट धरायला शिकले ती तिथे. आता माझ्या विद्यार्थ्यांच्या दारापुढे फूटभर फरशी असते आणि तिच्यावर रांगोळीचे स्टिकर. गुडघे टेकून, हात खांद्यापासून फिरवून मोठे चित्र काढायला त्यांना जागाच नाही. २०२० चा पाडवा टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आला, तेव्हा मी गच्चीवर एकटीने खडूने चैत्रांगण काढले होते. खाली रस्ता रिकामा होता आणि त्याच्याकडे बघून मला रडू आले.

१९९९ साली डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने स्वागतयात्रा निघाली आणि तिथून ती गावोगाव पोचली. माझी आयोजकांना आणि वाहतूक पोलिसांना हात जोडून विनंती आहे, की रांगोळीचा तेवढा पट्टा पहाटेऐवजी आदल्या रात्री अकरापासूनच बंद करावा, आणि तिथे एखादा होमगार्ड किंवा स्वयंसेवक उभा असावा. शिवाय यात्रामार्गालगतची एक गल्ली त्या सकाळी मुलांना द्यावी, नुसत्या रंगीत खडूंसाठी. रांगोळीला बोटांची सवय लागते, खडू पाच वर्षांच्या पोरालाही धरता येतो. काय काढायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

खडूंची खोकी मी माझ्या खर्चाने आणीन. गल्ली झाडायला आमचे बारा जण पहाटे पाचला हजर असतील.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका, जि. ठाणे