थीम पार्कच्या फोटोत माणसं पण येऊ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पेपरांच्या पुरवण्यांत जगातल्या थीम पार्कवर पानभर मजकूर येतो, वाचायला आवडतो, पण फोटो बघा, तेच ते! डिस्नेचा किल्ला, आतषबाजी, नाहीतर उलटी फिरणारी रोलर कोस्टर. साधा माणूस त्यात दिसतच नाही, दिसलाच तर जाहिरातीतला. माझी विनंती एवढीच आहे की तिथली रोजची माणसं छापा.

अहो, राइड दोन-तीन मिनिटांची आणि लाइन कधीकधी तासाभराची, म्हणजे सगळा दिवस लाइनीत, बाकड्यावर, खाण्यात आणि पोरांना शोधण्यात जातो, मग फोटो त्याचा का नको? टोकियो डिस्नेलँड १९८३ ला सुरू झालं, तिथे परेडच्या कितीतरी आधी लोक जमिनीवर चटया अंथरून शिस्तीत बसतात, गळ्यात पॉपकॉर्नचे डबे अडकवलेले, मैत्रिणी-मैत्रिणी एकसारखे कपडे घालून आलेल्या. कोपनहेगनचं टिव्होली तर १८४३ पासून आहे, अगदी मेन स्टेशनला लागून, गावातली माणसं नुसती संध्याकाळी चक्कर मारायला येतात. हे बघायला मला किल्ल्यापेक्षा जास्त आवडेल.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्याचं घ्या. १९२० मध्ये पाच सेंटच्या तिकिटात सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, तिथवर जायला लागली आणि गरीब माणूस पण समुद्रावर पोचला. १९४० च्या जुलैत वीजी नावाच्या प्रेस फोटोग्राफरने तिथल्या गर्दीचा फोटो काढला, पूर्ण फ्रेम माणसांनी गच्च, वाळू जवळजवळ दिसत नाही, आणि ही सगळी गर्दी कॅमेऱ्याकडे बघतेय. तिथलं लुना पार्क हे जुनं करमणूक पार्क पुढे १९४४ च्या आगीनंतर संपलं, पण फोटोच्या दिवशी लोक काय घालून आले होते, कसे उभे होते, किती खूश होते ते अजून बघता येतं.

आता आपल्याकडे, बडोद्यात. कमाटीबाग १८७९ ची, सयाजीराव महाराजांची देणगी, आणि शहराबाहेरच्या वॉटर पार्कला तर सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते. तिथे झाडाखाली एक आजी हमखास बसलेली असते, मांडीवर घरातल्या सगळ्यांचे मोबाइल आणि चष्मे, बाजूला चपलांची पिशवी, आणि नजर सारखी पाण्यातल्या नातवंडांवर. कधी कोणी तिचा फोटो काढलाय? किंवा त्या पाळणा चालवणाऱ्या पोराचा, जो भर उन्हात दर फेरीला प्रत्येक सीटचा दांडा स्वतः ओढून बघतो, तेव्हाच आपली मुलं सुखरूप खाली येतात. आपण मात्र गेटपाशी ओळीत उभं राहून सेल्फी काढतो आणि घरी येतो.

आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी गावोगाव फिरून भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदण यांचे फोटो काढून ठेवले, कारण ते सगळं जायला लागलं होतं. पार्क पण बदलतात, बंद पडतात, पाळणे भंगारात जातात, मग हे आत्ताच टिपायला नको का?

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, दुसऱ्याच्या मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, आणि वॉटर पार्कमध्ये ओल्या कपड्यातल्या बायकांचा तर अजिबातच नाही. आजीला पण आधी विचारा, ती नाही म्हणणार नाही, फक्त पदर सारखा करेल.

तर साहेब, वाचकांनी काढलेल्या अशा फोटोंना दर रविवारी पाव पान द्या, मग ते टोकियोचे असोत की कमाटीबागेतले, आपली कितीतरी मुलं आता परदेशात आहेत, ती पण पाठवतील. फोटोखाली जागा आणि साल लिहायला सांगा. मेच्या पुरवणीपासून सुरू केलंत तर आमच्या दांडिया बाजारातूनच भरपूर येतील.

आपली एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदा