मेडिकलवाल्या ताईंना, तुमच्या त्या 'मित्रा'कडून

ताई,

वयाने तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, पण काउंटरवर असलात म्हणून ताई. दिवाळीनंतर एका रात्री दुकान बंद व्हायच्या वेळेला आलो होतो, खरं तर शेठ असतील म्हणून आलो, बघतो तर तुम्ही एकट्याच. परत फिरणार तेवढ्यात "काय देऊ काका" विचारलंत आणि मी खिशातली चिठ्ठी पुढे सरकवली, सिल्डेनाफिल 100, म्हणजे ती व्हायग्रावाली ताठरतेची गोळी, आणि म्हणालो मित्राला पाहिजे. 67 वर्षांचा माणूस आणि असलं खोटं!

तुम्ही हसला नाहीत. आवाज खाली करून एवढंच विचारलंत, "तुमच्या मित्राला छातीत दुखतं त्याच्या गोळ्या चालू आहेत का हो? असतील तर ही अजिबात नाही चालत, बीपी एकदम खाली जातं, जिवावर बेततं." आता त्या गोळ्या मी दर महिन्याला तुमच्याकडूनच नेतो, हे तुम्हालाही माहीत आणि मलाही. चिठ्ठी परत दिलीत, डॉक्टरांना दाखवा म्हणालात. खरं सांगतो, तेव्हा राग आला होता.

पण गेलो. हार्टच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं, नाइट्रेट, म्हणजे त्या छातीत दुखण्याच्या गोळ्या, चालू आहेत तोवर ही नाही आणि तसलीच ती 36 तास असर राहणारी टाडालाफिल पण नाही. गंमत बघा, सिल्डेनाफिल मुळात छातीच्या दुखण्यावरच शोधत होते, आणि 1998 ला बाजारात आली ती ह्या कामासाठी! मग युरॉलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांनी सकाळी सकाळी टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त घ्यायला लावलं, शुगर बघितली आणि म्हणाले वयावर ढकलू नका, बारा वर्षांच्या शुगरने नसा आणि रक्तवाहिन्या खराब केल्यात. इंजेक्शन असतं, ऑपरेशन करून रॉड बसवतात तेही असतं (हे ऐकून मी खुर्चीच मागे घेतली). शेवटी पंप घेतला, हवा ओढून लिंगात रक्त खेचणारा, आणि ते टिकावं म्हणून मुळाशी रिंग लावायची. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे त्यामुळे काळेनिळे डाग पडू शकतात म्हणून हळूहळू कसा वापरायचा ते नीट शिकवलं, आणि रिंग अर्ध्या तासाच्या आत काढायची म्हणजे काढायची. पहिल्या दिवशी काही जमलं नाही, बायको म्हणाली सायकलीत हवा भरताय का, आणि दोघं हसत बसलो, किती दिवसांनी ते आठवत पण नाही. आता जमतं.

त्या रात्री तुम्ही पैसे घेऊन गोळी दिली असती तर, जाऊ दे. थँक्यू ताई.

एक तारखेला नेहमीच्या गोळ्या न्यायला येतोय, मित्र कसा आहे विचारलंत तरी चालेल.