आधी मीठ, मग बंदर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला रोमजवळच्या ओस्तियावरचा लेख आवडला. पण 'हे गाव रोमचं बंदर म्हणूनच जन्माला आलं' हे वाक्य खटकलं. मी उरणचा. घरची मिठागरं होती, पुढे हयात जहाजांवर गेली. दोन्हीकडचं थोडंफार कळतं, म्हणून हे पत्र.

राजा अँकस मार्सियस याने टायबर नदीच्या मुखाशी ओस्तिया वसवलं आणि भोवती मिठागरं काढली, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. नावही मुखावरूनच पडलं; लॅटिनमध्ये 'ऑस्टियम' म्हणजे मुख. हा राजा इ.स.पू. सातव्या शतकातला. गावाचं तितकं जुनं बांधकाम काही तिथे सापडलेलं नाही, तेव्हा राजाची गोष्ट ज्याने त्याने ठरवावी. मिठाची मात्र मला पटते. त्या समुद्राची भरती आपल्यापुढे काहीच नाही, जेमतेम फूटभर. पण सखल खाजण आहे आणि उन्हाळा कोरडा. आम्हाला मृगाच्या आत मीठ उचलून झाकायची घाई, तर त्यांचा जून-जुलै म्हणजे ऐन हंगाम! रोमहून ईशान्येला डोंगराळ सॅबाइन मुलखाकडे जाणाऱ्या रस्त्याचं नाव व्हिया सालारिया, म्हणजे मिठाची वाट.

जे जुनं उभं आहे ती इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुमाराची चौकोनी गढी. बोट इटलीत लागली असताना एकदा रोमहून लोकलने जाऊन पाहिली. लांबी सुमारे १९४ मीटर, रुंदी १२६. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला तीन मिनिटंही लागली नाहीत. आत दोन रस्ते काटकोनात छेदतात, बस्स. ही नदीच्या तोंडावरची चौकी, बंदर नव्हे. वस्ती वाढली तशी तटाबाहेर गेली आणि तटालाच पाठ लावून दुकानं उभी राहिली. टफ दगडाचे ते तपकिरी चिरे दुकानांच्या मागच्या भिंतीत अजून दिसतात.

आणि बंदर म्हणाल तर जागा वाईटच. मुखाशी गाळाचा दांडा, त्यामुळे मोठी जहाजं बाहेर नांगरून माल होड्यांत उतरवावा लागे. या कामात किती माल भिजतो आणि किती 'हरवतो', ते मला विचारा. शेवटी इ.स. ४२ मध्ये सम्राट क्लॉडियसने उत्तरेला तीनेक किलोमीटरवर नवं बंदर खणायला घेतलं. तेही पुरतं सुरक्षित नव्हतं; इ.स. ६२ च्या वादळात त्या बंदराच्या आतच सुमारे २०० जहाजं बुडाल्याचं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. पुढे सम्राट ट्राजनने आतल्या बाजूला षटकोनी गोदी काढली, तेव्हा कुठे निभावलं.

लेखासोबतच्या नकाशात ओस्तिया थेट किनाऱ्यावर दाखवलं आहे. तो किनारा तेव्हाचा. गाळाने समुद्र आता तीनेक किलोमीटर मागे सरला आहे. पुढच्या वेळी दोन्ही रेषा काढाव्यात, ही विनंती.

– एक निवृत्त दर्यावर्दी, उरण