यंदाची आगोट

श्रीवर्धन,
१० मे २०२६

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. संकटकाळी उचलून निघण्याच्या पिशवीची चाळीस वस्तूंची यादी तू पाठवलीस आणि त्यात काय राहिले, असे विचारलेस. शिट्टी आणि होकायंत्र वाचून मला हसू आले, त्याबद्दल क्षमा कर. यादीत खोट नाही. पण ती घर सोडून पळणाऱ्याची यादी आहे, आणि माझा अनुभव घरातच अडकून पडण्याचा आहे.

सध्या आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धांदल आहे. कौले चाळून झाली, पडवीला झापे बांधायची आहेत, कुळीथ आणि आमसुले भरली, कांद्यांच्या माळा आढ्याला टांगल्या. गेल्या वर्षी पावसाने २६ मे रोजीच मुंबई गाठली, एरवी तो ११ जूनच्या सुमारास तेथे येतो. त्या घाईत आमची सुकट भिजली, म्हणून यंदा सारे पंधरा दिवस आधी उरकतो आहे. माझ्या आईच्या हातची आगोट चार महिन्यांची असे आणि तिच्यात विजेवर चालणारे काही नव्हते, कारण घरातही तसे फारसे काही नव्हते. आपण धान्य भरण्याची सवय ठेवली, परंतु पाणी, पैसा आणि बोलणे या तिन्ही गोष्टी एकाच तारेला बांधून टाकल्या, हे मला ३ जून २०२० च्या दुपारपर्यंत कळले नव्हते.

निसर्ग वादळ त्या दुपारी आमच्या किनाऱ्यावरून गेले. सुपारीची झाडे मोडताना जो आवाज येत होता, तो मी अजून विसरलेलो नाही. आजोबांनी लावलेली वाडी दोन-तीन तासांत आडवी झाली. सुपारीचे झाड धरायला सात-आठ वर्षे लागतात, तेव्हा त्या नुकसानीचा हिशेब रुपयांत मांडून उपयोग नव्हता. पण त्या संध्याकाळी मनाला लागली ती गोष्ट अगदीच क्षुल्लक होती: विहीर काठोकाठ भरलेली आणि वीज गेल्यामुळे घरात प्यायला पाणी नाही. पंप बसवल्यावर रहाट अडगळ म्हणून मीच काढून टाकला होता. शेजारच्या काकूंनी आपला काढला नव्हता, म्हणून आमची आळी तीन आठवडे त्यांच्या अंगणात रांग लावून उभी राहिली.

आमच्याकडे इन्व्हर्टर होता. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात त्याच्या दोन तृतीयांश धर. एक पंखा आणि दोन दिवे लावले तर बारा-तेरा तास. रात्रभराचा खंड भरून काढण्यासाठी तो ठीक आहे, पण तीन आठवड्यांसाठी नाही. तू छपरावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार करतो आहेस, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. अनुदान मिळते ती बहुतेक यंत्रणा महावितरणच्या तारेला जोडलेली असते आणि बाहेरची वीज गेली की ती आपोआप बंद पडते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या प्रवाहाचा धक्का बसेल. लख्ख ऊन, छपरावर पॅनेल आणि घरात अंधार, हा प्रकार आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अनुभवला आहे. वीज नसतानाही चालणारी, बॅटरीसह यंत्रणा हवी असेल तर ती वेगळी सांगून घ्यावी लागते आणि खर्चही बराच वाढतो. मी तेवढे केले नाही. एक लहानसे पॅनेल आणून त्यावर दिवा, मोबाइल आणि रेडिओ एवढेच भागवतो.

आता पैशांविषयी. मोबाइलच्या मनोऱ्याखाली बॅटऱ्या आणि डिझेलचे जनित्र असते. रस्त्यावर झाडे पडून डिझेल पोहोचले नाही की मनोरा मुका होतो. इंटरनेटशिवाय *९९# लावून पैसे पाठवता येतात हे खरे, पण त्यालाही मनोरा जिवंत लागतो. माझ्याकडे एटीएममधून काढलेल्या पाचशेच्या चार नोटा होत्या आणि सुटे कोणाकडेच नव्हते, त्यामुळे त्या दोन हजारांत मी मेणबत्त्यांचा एक पुडाही घेऊ शकलो नाही. अखेर कामास आली ती कोपऱ्यावरच्या दुकानदाराची वही. आमची तीन पिढ्यांची उधारी त्याने सांभाळली आहे. त्याने नाव लिहिले, तांदूळ मोजला, बस्स. तुझ्या घरी दहा मिनिटांत सामान येते त्याचा मला हेवा वाटतो, पण तुझे नाव वहीत लिहून घेईल असा दुकानदार तुला अकरा मजले उतरून शोधावा लागेल. तेव्हापासून मी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांचे पाच हजार रुपये डब्यात ठेवतो. बँकेतील ठेवीला प्रत्येक बँकेत पाच लाखांपर्यंतच विमा आहे, हे तुला ठाऊक असेलच. मी रक्कम दोन बँकांत विभागली आहे. वारसनोंद मात्र तपासून पाहा. माझ्या एका खात्यावर अजून आईचेच नाव होते, आणि तिला जाऊन नऊ वर्षे झाली.

म्हणून यादीऐवजी एक प्रयोग सुचवतो. दर मे महिन्यातील एका शनिवारी संध्याकाळी मी घराचा मेन स्विच आणि सर्वांचे मोबाइल बंद करतो आणि रविवारी दुपारपर्यंत तसेच राहतो. पहिल्या वर्षी कळले की मला फक्त दोन दूरध्वनी क्रमांक पाठ आहेत, त्यातला एक आता अस्तित्वातच नाही. दुसऱ्या वर्षी विजेरीच्या सेलांना पाणी सुटलेले निघाले. बायको या प्रकाराला 'ह्यांची एकादशी' म्हणते, पण त्या रात्री पडवीत सर्वांत जास्त गप्पा तीच मारते. अकराव्या मजल्यावर तुझ्या टाकीत पाणी कोण चढवते आणि लिफ्टचे जनित्र किती तास चालते, हे वॉचमनला विचारून मग पिशवी भर.

रहाट मी पुन्हा बसवला आहे. प्लॅस्टिकची बादली मात्र विहिरीत तरंगत राहते, कितीही झटका दिला तरी कलंडत नाही. जूनच्या आधी येणारच आहेस, तर तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या तांबट आळीत चक्कर मारून जाड कडीचा एखादा पोहरा मिळतो का ते पाहा, आणि पैसे सुट्टे घेऊन जा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र