दवाखाना बंद होतो, तेव्हा केसपेपर कुणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातले जुने फॅमिली डॉक्टर एकेक करून प्रॅक्टिस थांबवत आहेत. कुणाचे वय झाले, कुणी मुलांकडे परदेशी निघाले, कुणाची भाड्याची जागा पुनर्विकासात गेली. त्यांनी थांबू नये असे मी म्हणणार नाही. आयुष्यभर रात्री-अपरात्री उठून गेलेल्या माणसाला निवांतपणा मिळायलाच हवा. पण मागे राहिलेल्या पेशंटची तजवीज फारच थोडे डॉक्टर करतात. मी औषधांचे दुकान चालवते. शटरवर ‘दवाखाना कायमचा बंद’ असा कागद लागला की त्याचे परिणाम आधी आमच्या काउंटरवर दिसतात.

‘डॉक्टरांची ती पांढरी गोळी द्या’, अशी सुरुवात होते. चिठ्ठी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे पेशंट त्यातल्या त्यात सुखी. दवाखान्यातूनच पुड्या बांधून देणारे डॉक्टर आपल्याकडे अजूनही पुष्कळ आहेत. त्यांच्या पेशंटला अनेकदा आपण वर्षानुवर्षे काय खातो हेच ठाऊक नसते. पुडी उलगडून सुटी गोळी समोर धरतात. रंग-आकारावरून औषध ठरवणे धोक्याचे, आणि ओळखू आले तरी ‘शेड्यूल एच’ या सरकारी यादीतले औषध चिठ्ठीशिवाय देणे कायद्यात बसत नाही. मी नाही म्हटले की पेशंट चिडतात, शेजारच्या दुकानात जातात, आणि तिथेही नकार मिळाला की गोळी सोडून देतात.

खरा घोळ इथे होतो. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या रक्तदाब-हृदयविकाराच्या गोळ्या एकदम तोडल्या तर धडधड वाढते, हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू लागते. फिट्सच्या गोळ्या बंद केल्या तर फिट परत येऊ शकते. बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड तर डॉक्टरने हळूहळू उतरवायचे असते. वॉरफरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी, घेणाऱ्याची अडचण उलटी. गोळी मिळत राहते, पण ‘आयएनआर’, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून डोस ठरवणारे कुणी उरत नाही.

म्हणून डॉक्टर थांबणार असे नुसते कानावर आले, तरी त्यांच्याकडून एक पान लिहून घ्यावे. आजार कोणते आणि कधीपासून, सध्याची औषधे व डोस, कोणते औषध सोसत नाही, झालेली ऑपरेशन्स. औषधाचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, लिहायला सांगावे. डॉक्टरांनी ते सुवाच्य लिहावे हे 2016 पासून नियमातच आहे. ब्रँड शहरागणिक बदलतो, मूळ नाव कुठल्याही दुकानात चालते. जुने रिपोर्ट, ईसीजी, एक्स-रे दवाखान्यात पडून असतील तर तेही आणावेत.

हे मागायला लोक संकोचतात. ‘इतक्या वर्षांचे संबंध, कागद मागितले तर डॉक्टरांना काय वाटेल?’ काही वाटायचे कारण नाही. वैद्यकीय व्यावसायिकांच्या वर्तनासंबंधी 2002 चे विनियम आहेत. पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने नोंदी मागितल्या, तर त्या 72 तासांत द्याव्यात असे त्यांत लिहिले आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही 1996 मध्ये केसपेपरच्या प्रती पेशंटला दिल्या पाहिजेत असे बजावले होते. मात्र एक फट आहे. नोंदी तीन वर्षे जपण्याचे बंधन त्या विनियमांत आहे ते दाखल झालेल्या, म्हणजे आंतररुग्णांच्या बाबतीत. गल्लीतल्या दवाखान्यात ओपीडीला बसून घेतलेल्या औषधांचे कागद किती काळ ठेवायचे, याबद्दल तिथे असे बंधन नाही. तेव्हा ‘मागू सावकाश’ म्हणून चालत नाही. डॉक्टर अचानक गेले तर घरच्यांपुढे कागदांनी भरलेले कपाट उरते, आणि ते रद्दीत गेलेले मी पाहिले आहे. कुणाची साखर किती, कुणाला कसले दुखणे, सगळे किलोच्या भावाने.

या कागदांचे काम औषधापुरते नसते. आरोग्य विम्याचा दावा केला की कंपनी विचारते, आजार पहिल्यांदा कधी आढळला? पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी थांबावे लागते ती मुदत 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे, पण तारखेचा वाद उभा राहिला तर आधार फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या केसपेपरचाच. तो नसेल तर पेशंटचा शब्द आणि कंपनीचा शब्द, आणि कुणाचा चालतो हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, बोलायला अवघड पण घरात म्हातारी माणसे असलेल्यांनी ऐकावी अशी. घरी मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला, नमुना 4-अ, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यायचा असतो. शहरांत त्याच्याविना अंत्यसंस्कार अडतात. ज्याने पेशंटला कधी पाहिलेच नाही तो डॉक्टर सही करायला कचरतो, आणि त्याचे बरोबरच आहे. मग दुःखात बुडालेले घर पहाटे दाखल्यासाठी दारोदार फिरते. अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर जुने डॉक्टर थांबताच नव्या डॉक्टरांना एकदा घरी बोलावून दाखवून ठेवावे.

नवे डॉक्टरही ताप चढल्यावर शोधू नयेत. बरे असताना फाइल घेऊन जावे, बोलून पाहावे. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतोच, पण तो कोणत्या परिषदेचा हे बघावे. ॲलोपॅथी, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगवेगळ्या आहेत. जुन्याच जागेत नवे डॉक्टर बसले, म्हणून त्यांच्याकडेच गेले पाहिजे असेही नाही. मधल्या काळात महापालिकेचा दवाखाना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तिथे रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. ई-संजीवनी या सरकारी सेवेवर फोनवरूनही सल्ला मिळतो. टीबीच्या पेशंटने तर एक दिवसही वाया घालवू नये. त्याची नोंद ‘निक्षय’ या टीबीसाठीच्या सरकारी पोर्टलवर असते, तो क्रमांक घेऊन सरकारी केंद्रात जावे म्हणजे कोर्स पुढे चालू राहतो.

डॉक्टरांनाही चार शब्द सांगते, लहान तोंडी मोठा घास वाटला तरी. पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय पेशंटला सोडू नये असे त्याच 2002 च्या विनियमांत आहे. ‘पुरेशी’ म्हणजे किती, ते मात्र नाही. गंमत अशी की डॉक्टरांना वर्तमानपत्रात कोणत्या प्रसंगी निवेदन देता येते याची यादी त्यांत आहे. प्रॅक्टिस सुरू करणे, पत्ता बदलणे, तात्पुरती गैरहजेरी, दुसऱ्याची प्रॅक्टिस हाती घेणे, सगळे आहे. कायमची थांबवणे तेवढे नाही! ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने निदान आपल्या पातळीवर सूचना काढावी. तीन महिने आधी फलक, केसपेपर कोणाच्या ताब्यात राहणार त्याचा पत्ता, आणि पेशंटच्या संमतीशिवाय ते नव्या डॉक्टरांच्या हवाली न करणे, एवढे तीन मुद्दे त्यात आले तरी पुष्कळ.

नियम व्हायला वेळ लागेल. तोवर आमच्या परिसरातल्या ज्या डॉक्टरांना थांबायचे असेल त्यांनी तारीख आणि संपर्काचा कागद माझ्याकडे पाठवावा. काउंटरशेजारच्या काचेवर तो लावीन, आणि विचारणाऱ्याला वाचूनही दाखवीन.

– एक औषध विक्रेती, पुणे