ट्रान्झिस्टरच्या जोड्या

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस सारख्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या कशा लावतोस, तेव्हा मी घाईत होतो, आता निवांत लिहितो. आपल्या अँपच्या (अँप्लिफायरच्या) आउटपुटला नको असलेला डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, यायचा आठवतं? इनपुटचे दोन्ही बीसी५५७ ट्रान्झिस्टर मी मल्टिमीटरच्या एचएफई (करंट किती पट वाढतो तो आकडा) खाचेत घालूनच निवडले होते, आकडे अगदी सारखे, तरी डीसी होताच. कारण एचएफई जुळला म्हणजे व्हीबीई (बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज) जुळलं असं नाही, आणि तिथे व्हीबीई फार महत्त्वाचं, नुसत्या १ मिलिव्होल्टच्या फरकाने करंट जवळपास ४ टक्के बदलतो रे!

म्हणून साबणाच्या डबीत एक टेस्टर बसवलाय. ९ व्होल्टची बॅटरी, १०० के (किलोओहम) चे दोन रेझिस्टर, दोन सॉकेट, बस. प्रत्येक सॉकेटमध्ये बेस-कलेक्टर जोडलेले, दोन्ही एमिटर एकत्र, आणि मीटर २०० मिलिव्होल्ट रेंजवर दोन्ही बेसच्या मधे. म्हणजे थेट फरकच दिसतो, बॅटरी उतरली तरी दोघांना सारखीच उतरते. ट्रान्झिस्टर एनपीएन की पीएनपी (दोन उलट प्रकार) त्यासाठी बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम उलट्या करणारा एक डीपीडीटी स्विच. रेझिस्टर मात्र मीटरने मोजून जुळवलेच पाहिजेत, त्यांच्यात १ टक्का फरक असला तरी पाव मिलिव्होल्टची चूक घुसते.

पहिल्या दिवशी मी पार वैतागलो होतो, तोच ट्रान्झिस्टर दर वेळी वेगळा आकडा दाखवायचा, सोल्डरिंग तीनदा तपासलं, आणि मग लक्षात आलं की ही माझ्या बोटांची ऊब! एका डिग्रीला व्हीबीई साधारण २ मिलिव्होल्ट खाली येतं, चिमटीत धरलेला ट्रान्झिस्टर सहज पाच डिग्री तापतो, म्हणजे १० मिलिव्होल्ट गेले, आणि आपण शोधतोय अर्ध्या मिलिव्होल्टचा फरक. आता चिमट्याने लावतो, दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना टेकवतो, पंखा बंद करतो, वर झाकण ठेवतो आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात लावत नाही. चहा होतो तेवढ्यात.

अजून एक, आकडा मिळाला की दोघांची जागा अदलाबदल करून परत बघ. फक्त चिन्ह बदललं तर टेस्टर खरा, आकडाही बदलला तर चूक डबीत आहे. हे मला फार आवडलं.

पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ५० नग आणले होते, त्यातल्या दोन जोड्या अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत निघाल्या, त्या टेपने बांधून तुझं नाव घालून ठेवल्यात. दिवाळीला येशील तेव्हा अँप घेऊनच ये.

तुझाच,
नंदू